आबांच्या ओव्यांसाठी ॲप

कॉलेजच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झालो तेव्हा संस्थेने मला शाल, नारळ आणि एक टॅब्लेट दिला. शालीचा उपयोग सगळ्यांना माहीत असतो, ती पुढच्या सत्काराला दुसऱ्याच्या खांद्यावर घालता येते. नारळाची चटणी झाली. टॅब्लेटचं काय करायचं हे मात्र संस्थेलाही ठाऊक नसावं. अध्यक्षांनी तो उंच धरून ‘ज्ञानगंगा आता सरांच्या हातात’ असं जाहीर केलं, टाळ्या झाल्या, आणि ती गंगा शिरूरच्या आमच्या घरात कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली कित्येक महिने पडून राहिली.

ती बाहेर निघाली आबांच्या घशामुळे.

आबा माझे चुलते. यवतपासून थोडं आत त्यांची वस्ती आहे. तरुणपणी ते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरत, कोकणात जात. पुढे मेंढरं गेली, ऊस आणि कांदा आला, पण ओव्या राहिल्या. धनगरी ओवी एकट्याने म्हणत नाहीत. एक जण ओळ टाकतो, दुसरा तिचा शेवटचा तुकडा उचलून परत म्हणतो, आणि तो म्हणत असेपर्यंत पहिल्याला पुढची ओळ सुचते. दोघं खेटून बसतात, एक हात स्वतःच्या कानावर, तोंड दुसऱ्याच्या कानाशी. आबा ओळ टाकणारे. उचलणारे आप्पा, नदीपलीकडच्या वडगाव रासाईचे. ओव्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या. आबांना लिहिता येत नाही. मी एकदा वही घेऊन समोर बसलो होतो, तर त्यांना एका ओळीपुढे काही आठवेना. मागची ओळ आप्पांनी उचलल्याशिवाय पुढची यायचीच नाही.

उन्हाळ्यात आबांचा आवाज बसला तो बसलाच. दौंडच्या डॉक्टरांनी औषधं दिली, मग पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही.

“काढा,” आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. “बोलून तरी काय उजेड पडला.”

जिन्यावरून उतरताना मात्र मधेच थांबले आणि माझ्या चुलतभावाला, म्हणजे त्यांच्या मुलाला, विचारलं, “आन् ओव्या?”

त्या सगळ्या काळात आबांनी विचारलेला हा एकच प्रश्न. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या, असं गाडीतच ठरलं. टॅब्लेट माझ्याकडे होता, म्हणून ॲप निवडायचं कामही माझ्याकडे आलं.

“फोनवर करा की,” माझी बायको म्हणाली. “सगळ्यांच्या खिशात आहे.”

मी तिला क्वालिटी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तो शब्द आमच्या घरात त्या दिवसांत फार वापरला गेला.

आधी वाटलं होतं, एखादं ॲप असेल, घेऊ. शोधायला बसलो तर त्यांची गर्दी. प्रत्येकाच्या वर्णनात ‘तुमच्या हातात अख्खा स्टुडिओ’ असं लिहिलेलं. पुस्तकांच्या मलपृष्ठावरच्या स्तुतीला मी आयुष्यभर हसत आलो; ही स्तुतीही त्याच घराण्यातली होती. व्हिडिओ पाहिले. निळ्या-जांभळ्या दिव्यांच्या खोलीत बसलेली मुलं दोन ॲपांमधला फरक अशा कळकळीने सांगत होती की मी ऑपरेशनचे कागदसुद्धा इतक्या लक्षपूर्वक वाचले नव्हते. चुलतभाऊ कुरकुंभला एका केमिकल कंपनीत पाळीवर जातो. तो सुट्टीच्या वेळेत मला लिंका पाठवायचा. ‘दादा, ह्यात ट्रॅक जास्त आहेत.’ ‘दादा, ह्याला मराठी भाषा आहे.’ रोज फोन व्हायचे, लांबलचक. त्यात ऑपरेशनचा विषय निघायचा नाही. कुठलं ॲप चांगलं हे विचारता येत होतं. आबा टेबलावरून उठतील का, हे कुणाला विचारणार? ॲपांना निदान तारे दिलेले असतात.

पहिलं ॲप घेऊन मी वस्तीवर गेलो. ते म्हणालं, आधी गती ठरवा. गती ठरवल्याशिवाय ते पुढे जाऊच देईना. मग ते टकटक वाजायला लागलं. आबांनी कानावर हात ठेवला, सुरुवात केली आणि टकटकीच्या मागे मागे शाळेतल्या प्रार्थनेसारखी अर्धी ओळ म्हणून थांबले.

“ह्याला कुठं जायची घाई हाय?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या ॲपात वाद्यं इतकी की चुलतभावाने त्यात बासरी घातली, वर पावसाचा आवाज घातला, आणि आबांचा घालायचा राहून गेला. तिसरं ऐन वेळी जाहिरात दाखवायचं. आबा बाजेवर बसून हे सगळं बघत होते.

“मास्तर,” ते मला म्हणाले. मी कधी शिकवलं नाही, पण पुस्तकांजवळ राहणारा तो मास्तर, असा त्यांचा हिशेब. “एवढ्या येळात मेंढरं कोकणात जाऊन माघारी आली असती.”

विनोद बरा होता, पण तो ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. प्रत्येक खेपेला थोडं जास्त वाकावं लागत होतं.

शेवटी आम्ही यवतच्या एका स्टुडिओवाल्याकडे गेलो. दुकानामागच्या एका खोलीच्या भिंतींना त्याने अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. मिरवणुकांची आणि वाढदिवसांची गाणी तो करायचा. कार्डावर ‘संगीत दिग्दर्शक’ असं सोनेरी अक्षरात होतं. माणूस मदतीला येणारा होता. आमचं सगळं ऐकून घेतलं.

“सर, तुमच्या वस्तीवर हायवेचा आवाज हाय, उसाचे ट्रॅक्टर हायेत, कुत्री हायेत,” तो म्हणाला. “हे ॲप घ्या. ह्याच्यात क्लीन मोड हाय. मेन आवाज ठेवतं, बाकी समदं काढून टाकतं. तिथल्या तिथं.”

त्याने टेबलफॅन लावला, मिक्सर चालू केला आणि मला बोलायला सांगितलं. काय बोलावं सुचेना म्हणून मी माझं निरोपाचं भाषण सुरू केलं. ऐकवलं तेव्हा ना पंखा, ना मिक्सर. माझाच आवाज, आकाशवाणीवरच्यासारखा. चुलतभावाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. ॲप ठरलं. यवतच्या चौकात आम्ही भजी खाल्ली. किती दिवसांनी दोघंही मोकळेपणाने बोललो, ऊस, पाऊस, त्याच्या कंपनीतला नवा साहेब, सगळ्यावर.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी आप्पा आले. धुतलेलं धोतर, लाल पागोटं. चुलतभावाने कुत्रं लांबच्या बांधावर नेऊन बांधलं. पंखे बंद केले. सगळ्यांचे फोन बंद करून ज्वारीच्या कणगीत ठेवले, कुणाचा वाजू नये म्हणून. चुलतभावाच्या बायकोने कोमट पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती उंबऱ्यात बसली. टॅब्लेट मी उशीला टेकवून दोघांच्या पुढ्यात उभा केला.

“लई खाली गेलाय रं आवाज तुझा,” आप्पा म्हणाले.

“तुझा हाय की वर. जलमभर माझंच उचलून वरडतुयास.”

“मग टाक की. का डब्याला भ्यालास?”

बिरोबाचं नमन दोघांनी मिळून म्हटलं, ते दोघांनीच म्हणायचं असतं. मग आबांनी कानावर हात ठेवला आणि कोकणाच्या वाटेची मोठी ओवी काढली. घरातल्या कुणीच ती पुरती ऐकलेली नव्हती. आवाज म्हणजे उसाच्या वाळल्या पाचटातून वारा जावा तसा. पण मी जवळ होतो, मला शब्द लागत होते. आबा म्हणत, “घाट उतरली मेंढरं, खाली दिसला दर्या,” आणि आप्पा गळा फोडून उचलत, “खाली दिसला दर्या.” वाटेत वाघ आला, नदीला पूर आला, एक मेंढी वाटेतच व्याली, एका गावाने रात्री शेतात मेंढरांचा वाडा घालू दिला नाही. आबा मधे पाणी पीत, खोकत, हाताने आप्पांना थांब म्हणत आणि परत धरत. आप्पांनी एकदा चुकीचं उचललं तेव्हा त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. ऊन उतरेपर्यंत हे चाललं. शेवटची ओळ झाल्यावर आबांनी कानावरचा हात काढला, तो बराच वेळ तसाच हवेत होता.

“बसलं का समदं डब्यात?”

मी सुरुवात लावली. नमन ऐकू आलं, लख्ख. ना हायवे, ना कुत्रं.

“ह्यो आप्पाच वरडतुय,” आबा म्हणाले.

“दोघांचाही आवाज आहे, आबा,” मी म्हणालो. सगळे हसले. त्यांना खोकला आला, म्हणून पुढचं ऐकायचं राहिलं. सकाळी गाडी येणार होती.

पुण्यात दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चालू असताना मी हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. तिथे भिंतीवर काचेत कोरलेल्या देणगीदारांच्या नावांखेरीज वाचायला काही नव्हतं. मी टॅब्लेट काढला, कानात इअरफोन घातले. नमन संपलं. मग काहीच नाही. मला वाटलं बंद पडलं. तेवढ्यात आप्पा म्हणाले, “खाली दिसला दर्या.” परत काही नाही. मग आप्पा, “पाण्यात बुडाल्या वाटा.” मधे श्वास नाही, खोकला नाही, तांब्याचा आवाज नाही. इतकी स्वच्छ शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. पुढे सरकवून पाहिलं, अगदी शेवटापर्यंत. दर्या दिसला, पण कुणाला, कुठून, ते नाही. वाटा बुडाल्या, त्या कुणाच्या ते नाही. प्रत्येक ओळीची पुढची बाजू कुणी नखाने खरवडून काढावी तसं.

यवतला फोन लावला. स्टुडिओवाल्याने सगळं ऐकून घेतलं.

“सर,” तो म्हणाला, “त्याला ती हवा वाटली असंल.”

“मूळ कुठे तरी असेल ना?”

“क्लीन मोडमधी मूळ ऱ्हात न्हाई, सर. येतानाच चाळून घेतंय ते.”

चुलतभाऊ चहा घेऊन आला. मी एक इअरफोन त्याच्या कानात दिला. त्याने उभ्याउभ्याच ऐकलं. मग दोन्ही चहाचे कप बाकावर ठेवले, ऑपरेशनच्या दारापर्यंत गेला आणि तिथल्या नर्सला विचारलं, “सुरू झालंय का?” तिने सांगितलं की बराच वेळ झाला, काळजी करू नका. तो परत येऊन बसला. चहावर साय धरली.

ऑपरेशन यशस्वी झालं. डॉक्टरांनी तसं सांगितलं, आणि ते खरंही होतं. आबा घरी आले. गळ्याला पुढे एक भोक आणि त्यावर जाळीचं पांढरं फडकं. श्वास तिथून यायचा. भूक लागली की ते ताटली वाजवायचे. कुत्र्याला हाक मारता येईना म्हणून टाळी वाजवायचे. मी आणि चुलतभाऊ दोघांनीही त्यांना काही सांगितलं नाही. बरे होऊ देत, मग बघू, असं म्हणत राहिलो. बरे झाले. आप्पा भेटायला आले त्या दिवशी मीही वस्तीवर होतो. आबांनी आप्पांना शेजारी बसवलं, माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या कानाकडे.

मी चुलतभावाकडे पाहिलं. तो बांधाकडे बघत होता. मी लावलं.

नमनाला आबांनी मान डोलावली. मग ती शांतता आली. ते वाट पाहत राहिले. “खाली दिसला दर्या,” टॅब्लेटमधले आप्पा म्हणाले. आबांनी माझ्याकडे पाहिलं. परत शांतता, परत आप्पा. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात वर केला आणि मी बंद केलं.

“आबा, तुमचा आवाज त्या यंत्राने घेतला नाही,” मी म्हणालो. दुसरं कसं सांगायचं ते मला अजूनही माहीत नाही.

ते रागावले नाहीत. रागवायलाही आवाज लागत असावा. आप्पांना मात्र आधी काही कळलं नाही, कळलं तेव्हा ते चुलतभावाला म्हणाले, “असं कसं? म्या तर समदं ऐकलं.”

“मग तुम्हीच म्हणा की आप्पा,” चुलतभाऊ एकदम म्हणाला. “आबाच्या ओळी तुम्ही म्हणा. आता फोनवर घेतो.”

आप्पांनी तोंड उघडलं. मग मिटून घेतलं.

“म्या कवा फुडं म्हनलंय?” ते म्हणाले. “त्यो टाकायचा, म्या उचलायचो. उचललं की माझ्याकडनं जायचं.”

आबांनी टॅब्लेट हाताने बाजूला सारला. आप्पांना जवळ ओढलं, आपला हात कानावर ठेवला आणि ओठ हलवायला लागले. आप्पांनी सवयीने कान पुढे केला, हाताने स्वतःचा दुसरा कान झाकला, डोळे मिटले. गळ्यावरचं फडकं आत-बाहेर होत होतं. मला काही ऐकू आलं नाही. त्यांनाही आलं नसेल. ओठ थांबले तसं आप्पांनी दम घेतला आणि मोठ्याने उचललं, “खाली दिसला दर्या.”

आबांनी मान हलवली. नाही. ही ओळ ती नव्हती.

परत ओठ हलले. आप्पांनी दुसरी ओळ उचलली. आबांनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.