परत मागितलेले पेढे

शरयूताई जाऊन सव्वा महिना झाला. परवा दुपारी तिच्या प्रयोगशाळेतल्या नंदिनीबाईंचा फोन आला, तेव्हा मी ठाकूरद्वारला एका देवळातला पंखा उतरवत होतो. ताईच्या शेवटच्या प्रयोगाचा निकाल त्या सांगणार होत्या. मला फोन उचलवेना...

मी वायरमन, ती शास्त्रज्ञ. लालबागच्या आमच्या खोलीत खिडकीपाशी तिचं होकायंत्र असायचं. सेलला जोडलेली वायर त्यावर धरली की सुई हळूच वळायची, आणि लहानगी ताई जेवणखाण विसरून बघत बसायची. तेच वेड घेऊन ती पुढे रेणूंपर्यंत पोचली. एकेक रेणू म्हणजे इवलासा चुंबक, त्याला विजेने वळवायचं. हे रेणू ती एका अजब स्फटिकावर ठेवायची. माझ्या वायरीत तांबं आत, रबर बाहेर. तिच्या स्फटिकात सगळं उलटं. वीज आतून जातच नाही, नुसती कातडीवरून वाहते आणि वाहताना वरच्या चुंबकांना ढकलते. ती सांगायची, मी स्वप्नात असल्यासारखा ऐकायचो.

गेल्या वर्षी ते चुंबक वळले. आईने लगोलग सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. संध्याकाळी ताई आली ती तोंड पाडून. कदाचित विजेने नव्हे, वीज वाहताना होणाऱ्या उष्णतेने ते वळले असतील! आणि ही बाई दारोदार जाऊन उरलेले पेढे परत मागायला लागली. मी लाजेने अर्धा झालो.

"अगं, तारा उलट्या जोडून बघ ना," मी वैतागून म्हणालो.

"तेच करणार आहे रे. उष्णतेला दिशा कळत नाही. करंट उलटा केल्यावर चुंबकही उलटे वळले, तर ते विजेचंच काम." मग आईकडे वळून म्हणाली, "तेव्हा वाट पेढे."

नवा स्फटिक तयार होईपर्यंत आजाराने तिला गाठलं. हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाली, "खोटं ठरलं तर आईला तूच सांग..." फार रडलो मी त्या दिवशी.

शेवटी शिडीवर बसूनच फोन घेतला. नंदिनीबाई म्हणाल्या, "पुन्हा पुन्हा करून पाहिलं. करंट उलटा केला की दर वेळी चुंबक उलटे वळतात."

त्या संध्याकाळी मी खिडकीपाशी होकायंत्र घेऊन बसलो, सेलला वायर उलटी जोडली. सुई डळमळली आणि दुसऱ्या बाजूला वळली. बाहेर आई पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारोदार फिरत होती. दुःखाच्या घरचं गोड घ्यावं की नाही, म्हणून शेजारीण घुटमळली असावी. आईचा आवाज आला, "घेवा गो. ह्या वेळेक ती परत मागूक येवची नाय."