पदरानं पुसलेली लस

डॉक्टरांनी आमच्या यांचा हात खिडकीच्या उजेडात धरला, मनगट उलटंपालटं करून पाहिलं आणि मग कपाळावरचे केस मागे सारले. केसांच्या कडेनं बारीक लाल पुळ्या आल्या होत्या. दोन दिवस नुसता ताप आणि मरणाची कंबरदुखी होती, म्हणून आम्ही आपले गवती चहाचे काढे पाजत बसलो होतो.

"स्मॉलपॉक्स," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे आपल्या देवी. लहानपणी टोचलेलं आहे, तेव्हा सौम्य निघतील. पण यांना घरात ठेवता यायचं नाही." मग त्यांनी विचारलं, मुलांचं काय?

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी ट्रंकेतून दोन्ही मुलांचे देवी टोचल्याचे दाखले काढून त्यांच्या हातात दिले. सासूबाईंना घरात सगळे माई म्हणत. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण घरातला प्रत्येक कागद कुठे आहे आणि कुणाचा आहे हे त्यांना चोख माहीत असे. आमची शकू तेव्हा पाच वर्षांची आणि अरुण चौदा महिन्यांचा. डॉक्टरांनी अरुणचा दाखला वाचला आणि म्हणाले, याला पाचच महिने झालेत, छान लागलेलं दिसतंय, याची काळजी नको. बाकी सगळ्या चाळीनं उद्याच्या उद्या पुन्हा टोचून घ्यावं. रोग्याजवळ वावरलेल्या माणसाला तीन दिवसांच्या आत टोचलं तर तो बहुतेक वाचतो, त्यानंतर टोचून फारसा उपयोग नाही.

माईंनी हात जोडले. अरुणला टोचलं होतं हे खरं, पण ते लागलं नव्हतं. आणि हे साऱ्या जगात एकट्या मला ठाऊक होतं.

आता ते कसं, ते सांगते. लाज वाटते, पण सांगते. कारण हे वाचणाऱ्या एखाद्या आईच्या मनात आत्ता तेच घोळत असेल जे माझ्या मनात घोळत होतं.

शकूला माझ्या माहेरी, डोंबिवलीला, टोचलं होतं. पोरीचा दंड असा सुजला की झबल्याची बाही कापून काढावी लागली. चार दिवस ती तापानं फणफणली होती. मला पाहिलं की दुसरा हात पुढे करायची, कारण दुखरा हात उचलत नव्हता. ते माझ्या डोळ्यांपुढून जाईना. त्यामुळे अरुण नऊ महिन्यांचा झाला आणि कल्याणात आमच्या चाळीत व्हॅक्सिनेटर आला, तेव्हा मी आधीच ठरवून बसले होते. व्हॅक्सिनेटर म्हणजे देवी टोचणारा सरकारी माणूस. सगळे त्याला देवीडॉक्टर म्हणत. त्यानं अरुणच्या दंडावर लिम्फ, म्हणजे लस, लावली, टोकदार फिरकीनं ओरखडे काढले आणि बजावलं की वाळेपर्यंत हात लावू नका.

तो शेजारच्या खोलीकडे वळला आणि मी अरुणला घेऊन मोरीत गेले. पदर पाण्यात बुडवला आणि त्याचा दंड खसाखसा पुसला. दोनदा पुसला. पोरगं खुदुखुदु हसत होतं, त्याला वाटलं आई खेळतेय.

आठवड्यानं देवीडॉक्टर लस लागली का ते बघायला आला. मी दारातच सांगितलं, छान फोड आलाय, आत्ताच झोपलाय हो, उठवू नका. मी फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालेली, मास्तरांची बायको. शिकलेल्या बाईच्या शब्दावर त्यानं 'लागली' असं लिहून टाकलं. मी मनात म्हटलं, जिंकले. कसली जिंकतेय कपाळ!

डॉक्टर यांना तपासून गेले त्याच दुपारी म्युनिसिपालटीची माणसं आली आणि यांना आयसोलेशन शेडमध्ये घेऊन गेली. आयसोलेशन म्हणजे लागट आजाराच्या रोग्याला लोकांपासून वेगळं ठेवणं. शहाडच्या वाटेवर, वस्ती संपली की, दोन पत्र्याच्या शेड होत्या. हे जाताना अरुणनं दोन्ही हात पुढे केले. यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि तसेच टांग्यात चढले. आदल्या दोन्ही रात्री तोच पोरगा त्यांच्या कुशीत झोपला होता. म्हणजे माझ्या हिशेबानं माझ्या हातात फार तर एक दिवस उरला होता.

तरी मी बोलले नाही. तुम्ही म्हणाल, ही बाई आहे की कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी तोच देवीडॉक्टर आला, सगळी चाळ ओट्यावर जमली, मी टोचून घेतलं, शकूनं भोकाड पसरत टोचून घेतलं, आणि अरुणची पाळी आली तेव्हा तो हसून म्हणाला, याचं झालंय. मी मान डोलावली! चारचौघांत काय सांगू? माझ्या हातानं माझं मूल उघड्यावर टाकलं, हे? शिवाय माझ्या शब्दावर विसंबून खोटी नोंद केल्याबद्दल त्या गरीब माणसाची नोकरी जाईल, ती भीती वेगळीच. तो पिशवी उचलून निघूनही गेला.

माई स्वयंपाकघरात बसून यांच्या डब्यासाठी भात निववत होत्या. त्या रोज शेडवर जाणार असं ठरलं होतं. त्यांना लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, सगळा चेहरा वणांनी भरलेला, त्यामुळे त्यांना पुन्हा लागण व्हायची भीती नव्हती. दाराला त्यांनी कडुनिंबाचा डहाळा बांधला होता, घरात फोडणी बंद केली होती, आणि तरी सकाळी टोचून घ्यायच्या रांगेत दंड उघडा करून सगळ्यांत पुढे उभ्या होत्या. देवीचाही मान राखायचा आणि सरकारचाही, यात त्यांना काहीच विचित्र वाटत नसे.

मी अरुणला घेऊन त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, "माई, अरुणची लस मी पुसली होती."

त्यांचा हात थांबला. आता आभाळ फाटणार, या तयारीनं मी डोळे मिटले.

"कशानं पुसलीस?" त्यांनी विचारलं.

"ओल्या पदरानं."

"माझ्या आईनं राखेनं पुसली होती," माई म्हणाल्या. "माझी आणि माझ्या बहिणीची, चंपीची. टोचणारा वेशीबाहेर जायचा होता, तेवढ्यात चुलीतली राख घेतलीन. पुढच्या वर्षी गावात देवी आल्या. मी राहिले. चंपी नाही राहिली."

लग्न होऊन आठ वर्षं मी तो वणांचा चेहरा रोज पाहत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं.

"आई जन्मभर सांगत राहिली, देवीनं नेली. मरायच्या आधी मला खरं बोलली. मायेनंच पुसलंन गं. तू काय वैरानं पुसलीस?" त्यांनी भाताचं पातेलं बाजूला सारलं. "ऊठ. तोंड धू. रडायला नंतर जन्म पडलाय."

दवाखान्यापर्यंत माई पुढे आणि मी मागे. त्या वयात त्या इतक्या भरभर चालतील असं मला वाटलं नव्हतं. देवीडॉक्टर तिथे हातपाय धुऊन नुकता डबा उघडत होता. माईंनी एका वाक्यात सगळं सांगून टाकलं. मी खाली मान घालून बोलणी खायला उभी राहिले. त्यानं डबा झाकला, पुन्हा हात धुतले आणि म्हणाला, "चूक माझीही आहे, बाई. मी पोराचा हात स्वतः बघायला हवा होता."

मला हुंदका आवरेना. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अरुणला टोचलं, आणि मग मी जी त्याची दोन्ही मनगटं धरून बसले, ती सोडेचना. माशी बसू दिली नाही, वारा लागू दिला नाही. देवीडॉक्टर म्हणाला, वाळली हो बाई, आता सोडा त्याला. तरी मी आणखी थोडा वेळ धरूनच बसले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. लस वेळेत पोचली की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. देवी अंगात शिरल्यापासून बाहेर दिसेपर्यंत बारा-चौदा दिवस जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी पोराच्या कपाळाला हात लावून लावून त्याला वैताग आणला. तिसऱ्या दिवशी दंडावर काही नाही. मी देवापुढे बसले आणि म्हटलं, सुजू दे रे बाबा, त्याचा हात सुजू दे. ज्या सुजेच्या भीतीनं मी हा उद्योग केला होता, तीच सूज आता नवसानं मागत होते.

चौथ्या दिवशी लाल टिपका दिसला. आठव्या दिवशी टपोरा फोड आला, दंड सुजला, अरुण तापला आणि त्यानं सारी चाळ डोक्यावर घेतली. माईंनी दंड पाहिला, उठल्या, डब्यातला गूळ काढला आणि शेजारच्या तिन्ही खोल्यांत वाटून आल्या. पोराला ताप चढला म्हणून गूळ वाटणारं आमचंच घर असेल.

शेडवरच्या बातम्या माई आणत. त्या दिवसभर यांच्याजवळ बसायच्या आणि परतताना विहिरीवर डोक्यावरून आंघोळ करून, लुगडं बदलूनच घरात यायच्या. अरुणबद्दल त्यांनी यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. मला धडकी भरली होती, हे काय म्हणतील. तर हे उलट आईपाशी कबूल झाले की शाळेत सगळ्या मास्तरांना पुन्हा टोचलं, त्या दिवशी यांनी पोटदुखीची रजा टाकली होती. मुलांना आरोग्यशास्त्र शिकवणारा माणूस सुईला घाबरतो! माईंनी हे मला सांगितलं आणि म्हणाल्या, दोघं शिकलेली आणि दोघं सारखीच दिवटी. बऱ्याच दिवसांनी मी पोट धरून हसले, आणि हसता हसता रडले.

सतराव्या दिवशी डॉक्टरांनी अरुणला पालथा-उताणा करून पाहिलं, तोंडात बोट घालून घसा पाहिला. "आता सोडा काळजी," म्हणाले. त्यानंतर आठवड्याभरानं खपल्या गळून हे घरी आले. कपाळावर पाच-सहा खड्डे राहिले होते. अरुणनं त्यांना ओळखलंच नाही आणि माझ्या मानेत तोंड लपवलं. यांच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळपर्यंत मात्र तो त्यांच्या खांद्यावर चढून बसला होता. त्या दिवशी माईंनी घरात पहिली फोडणी दिली.

डॉक्टरांचे, त्या देवीडॉक्टरचे आणि माईंचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. मायेचा हात चुकीचं करतो तेव्हाही तो मायेचाच असतो, म्हणून तर तो आवरणं कठीण जातं. एवढं मला कळलं. बाकी मी काही मोठी शहाणी झाले नाही.

पुढच्या थंडीत देवीडॉक्टर पुन्हा चाळीत आला. तळमजल्यावर एक नवी बिऱ्हाडकरीण होती, कोकणातून आलेली, कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी. टोचून झाल्याबरोबर ती कुणाकडे न बघता मुलीला घेऊन नळाकडे निघाली. मी तिच्या मागे गेले. तिनं पदराचं टोक मुठीत धरलेलं मी पाहिलं.

मी तिला रागावले नाही. नळापाशी चार बायका कळशा घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यादेखत मोठ्यानं म्हटलं, "मी पण पुसली होती." आणि सगळी हकिकत सांगितली, माईंच्या चंपीसकट.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मुलीचा हात धरून, दंडाला काही लागणार नाही असा लांब धरून, ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "काकी, वाळेपर्यंत तुम्ही बसा माझ्याजवळ."