निंगव्वानं शिवलेलं म्यान

सोलापूरच्या बाळीवेशीजवळ एका दुकानात तिप्पण्णा कातडं कापायचा आणि त्याची बायको निंगव्वा शिवायची. मैंदर्गीहून लग्न होऊन आली तेव्हापासून कातडं टोचायची आरी तिच्या हातात होती. खोगिरं, पट्टे आणि पोलिसांच्या पिस्तुलांची कातडी म्यानं ही त्यांची मुख्य कामं.

१९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला. गांधी टोपी दिसली की पोलीस माणसाला धरत. तिप्पण्णा टोपी घालून दुकानाच्या पायरीवर बसला होता. हिंदुराव नावाच्या फौजदारानं शिपायांना त्याचा उजवा हात पायरीवर दाबून धरायला लावला आणि पिस्तुलाच्या मुठीनं बोटं ठेचली. निंगव्वा दारातच उभी होती. बोटं पुढं वाकडी जुळली, कातडं कापायची रापी काही हातात धरवेना. मग कापणंही तिच्याच अंगावर आलं. कातडं कापताना रोज तिला तो फौजदार आठवायचा.

दोन वर्षांनी तोच दुकानात आला. हातात जुनं म्यान होतं, चिंचेसारखं काळपट, वापरून वापरून मऊ झालेलं. वरचं झाकण शाबूत होतं, पण शिवण पार उसवली होती.

"वडिलांचं आहे. महायुद्धात बसऱ्याच्या लढाईतून आणलं होतं त्यांनी. असं कातडं आता मिळत नाही. बाकीचे म्हणतात, नवी भोकं पाडावी लागतील. तुला जमेल?"

तिप्पण्णाकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. ती पायरी तो विसरून गेला होता.

"जमंल की, साहेब," निंगव्वा म्हणाली. "पिस्तुलाचं माप तेवढं घेऊ द्या."

तिप्पण्णा ते म्यान मांडीवर घेऊन किती तरी वेळ बघत राहिला. बाभळीच्या सालीत सावकाश कमावलेलं कातडं, टाके तांदळासारखे एकसारखे. "किती जीव लावून केलंय बग कुणी तरी," तो म्हणाला.

निंगव्वानं जुन्याच भोकांतून मेणवलेला दोरा ओढला. मग म्यान गरम पाण्यात भिजवलं आणि मापाहून बारीक लाकडी साच्यावर आवळून वाळवलं. आत भरपूर मेण चोळलं. पिस्तूल गुळगुळीत आत गेलं, बाहेरही आलं. फौजदार खूश होऊन गेला. पण कमरेच्या घामानं मेण सुटलं की कातडं आवळून पिस्तुलाला धरणार, हे तिला ठाऊक होतं.

चैत्रात परेड मैदानावर बड्या साहेबाची तपासणी होती. उन्हात उभं राहून सगळे भिजले होते. हुकूम सुटला तशी बाकीच्यांची पिस्तुलं बाहेर आली, हिंदुरावाचं निघेना. त्यानं हिसका दिला तर पट्टाच कमरेभोवती फिरला. मागं शिपाई हसू दाबत होते. साहेब समोर येऊन थांबला. शेवटी हिंदुरावानं चाकू घेऊन बापाचं म्यान आपल्याच हातानं चिरलं.

संध्याकाळी दोन तुकडे घेऊन तो दुकानात आला.

"काय केलंस तू याला?"

"कातडं हाय साहेब, घामानं आवळतंय. सांदायचं म्हणाल तर आता न्हाय सांदत." तिनं तिप्पण्णाचा हात धरून पुढं केला. "हे बी न्हाय सांदलं."

हिंदुराव त्या बोटांकडं बघत राहिला. मग त्यानं पायरीकडं पाहिलं. तुकडे तिथंच टाकून तो गेला. महिन्याभरात त्याची सांगोल्याला बदली झाली.

तिप्पण्णा मात्र आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. मग एकदा जेवताना म्हणाला, "त्या कातड्याचा काय गुन्हा हुता, निंगे?"

"तुमच्या बोटांचा काय हुता?"

पोलिसांचं काम बंद पडलं. दोघं मैंदर्गीला गेली आणि बैलांचे पट्टे शिवू लागली. शेजारणी विचारायच्या, तुला भीती नाही वाटली? ती म्हणायची, "वाटली की. पन त्याचं पडलेलं तोंड बघितलं, तवापास्नं झोप चांगली लागती."