भाईदासचे दोन द्रोण

आमच्या भाईदासनं स्वतःच्या हिमतीवर कमावलेली एकच गोष्ट मला ठाऊक आहे, ती म्हणजे ढेरी. बाकी सगळं बापाचं. बाप रूपचंद पाटील सोळा वर्षं लोकल बोर्डाचा मेंबर. डोळे अधू झाले तशी त्यांनी आपली खुर्ची पोराखाली सरकवली. पोराची लायकी विचाराल, तर उमेदवारीचा अर्जसुद्धा मी लिहून दिला. मी म्हसावदच्या शाळेतला मास्तर. डोंगरातली पावरी बोली मला येते, हाच माझा गुन्हा.

अडतीस साली तो उभा राहिला तेव्हा दुभाषा म्हणून मला तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावर नेलं. मतं तिथं मोजकीच, पण लढत अटीतटीची होती. पाड्याचं मागणं एकच, विहीर. उन्हाळ्यात तिथल्या बायका उजाडताच खाली नदीत उतरायच्या, वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून वाटी-वाटीनं पाणी भरायच्या आणि दुपारी घागर घेऊन चढायच्या.

पाड्याचा म्हातारा कारभारी आमशा. त्यानं मोहाच्या दारूचा द्रोण पुढे केला. रीत अशी, की शब्द देणाऱ्यानं चार थेंब पूर्वजांच्या नावानं भुईवर टाकायचे आणि उरलेली प्यायची. भाईदास माझ्या कानाला लागला, "मास्तर, मी हाई पिसू का? मन्ही टोपी दखी नही का तू?" वयानं मी त्याच्या बापासारखा, पण मला 'तू'! आणि दारूला न शिवणारी ही टोपी तरी कसली, आदल्या दिवशी शहाद्याहून आणलेली कोरी खादीची. पठ्ठ्यानं हसत हसत अख्खा द्रोण भुईवर ओतला.

आमशाच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतः घोटभरही न घेता सगळं पूर्वजांना दिलं, म्हणजे त्यांच्या लेखी हा शब्द आता मोडणंच शक्य नव्हतं. मला ते कळत होतं. भाईदास म्हणाला, "तेस्ले सांग, विहीर व्हई जाई." मी मुकाट्यानं सांगितलं. आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

निवडून आला. हार, मोटार, मिरवणूक, सगळं झालं. इकडे त्या शब्दावर विसंबून पाड्यानं स्वतःच विहीर खणायला घेतली. दोन पुरुष खोल गेल्यावर काळा खडक लागला. सुरुंग बोर्डाकडूनच मिळायचा. आमशा पाच वेळा डोंगर उतरून म्हसावदला आला. पाचही वेळा ओट्यावरून उत्तर आलं, "भाऊ जेवी ऱ्हायनात." पाचही वेळा जेवतच होता मेला! "पूर्वजांना दिलेला शब्द आहे, येईल तो," म्हणत आमशा परत जायचा. दुसऱ्या वर्षी तो वारला.

पुढची निवडणूक आली, ऐन वैशाखात. भाईदासला पाडा आठवला आणि मीही आठवलो. या खेपेला आमशाची सून रूपलीबाई पुढे आली. तिच्या हातातल्या द्रोणात गढूळ पाणी होतं. भाईदासनं त्यात डोकावून पाहिलं, नाक मुरडलं, आणि मागच्या वेळी जमलं होतं म्हणून असेल, हसत हसत सगळं भुईवर ओतलं.

रूपलीबाई त्या ओल्या मातीकडे बघत राहिली. मग हळूच काही बोलली.

"काय म्हनस ती?" भाईदासनं विचारलं.

"म्हणते, उजाडल्यापासून झिऱ्यावर बसले होते. लेकराला दिलं नाही, पाहुण्यासाठी ठेवलं."

तो जरा चपापला. मग टोपी सारखी करत म्हणाला, "तिले सांग, विहीर व्हई जाई."

"तूच सांग भो," मी म्हटलं.

त्याला त्या बोलीचा एक शब्द येत नव्हता. रूपलीबाईनं तोवर रिकामी घागर उचलली होती. तिला परत झिऱ्यावर जायचं होतं.