तान्ह्या पोळ्यातले दोन आबाजी

आमच्या सौंसर भागात तान्हा पोळा म्हणजे लेकरांचा पोळा. पहिल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान, दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा. चाकांवरच्या बैलाला झूल घालायची, दोरीने ओढत मैदानात न्यायचा आणि ओढणाऱ्यानेही काहीतरी सोंग घ्यायचं. मी मोहगावात लहान होते तेव्हा सोंग घरातल्याच कपड्यांत व्हायचं. भावाची पँट, काजळाची मिशी, की झाला पोलीस. हल्ली पांढुर्ण्याहून ड्रेस भाड्याने आणतात, आणि सगळ्यात जास्त मागणी असते शेतकऱ्याच्या ड्रेसला. धोतर, फेटा, खांद्यावर घोंगडं. फेटेवाली लेकरं रांगेत उभी असतात आणि त्यांचे कापूस-संत्री पिकवणारे खरे बाप टी-शर्ट घालून समोरून फोटो काढत असतात. मला दरवर्षी हसू यायचं आणि दरवर्षी मी तोंडाला रुमाल लावायचे, कारण परीक्षकाच्या खुर्चीत माझे सासरे, म्हणजे मामाजी, बसलेले असायचे.

मामाजी निवृत्त हेडमास्तर. गावात त्यांच्या न्यायाची ख्याती मोठी, आणि तिचा सगळा भार पडायचा माझ्या मुलीवर. एका वर्षी ती संत्रं झाली होती. मी केशरी कागदाच्या फोडी चिकटवून चिकटवून बोटं सोलून घेतली. नंबर नाही. पुढच्या वर्षी ती बसची कंडक्टर झाली, अख्खं मैदान हसलं. तरी नंबर नाही. घरी आल्यावर तिने पुरणपोळीला हात लावला नाही. आजोबांपुढे जाऊन उभी राहिली.

"आबाजी, मी खराब झाल्ती का?"

मामाजींनी पेपर तोंडापुढे धरला. "चांगली झाल्ती, बाप्पा. पण घरच्यालेच देल्लं म्हणतीन लोकं."

माझं डोकंच फिरलं. लोक काय म्हणतील या भीतीने लेकराला डावलायचं आणि त्याला न्याय म्हणायचं, हे मला काही पटेना. पण सासऱ्यांना तोंडावर कसं बोलणार?

तोड मुलीनेच काढली. एका दुपारी ती आजोबांचा चष्मा लावून, टीव्हीचा रिमोट कानापासून हातभर लांब धरून ओरडत होती, "आवाज येऊन नाही राहिला." मी भाजी चिरायची थांबले. त्या वर्षी ड्रेस पांढुर्ण्याहून आणायचा नव्हता. तो घरातच खुंटीला टांगलेला होता. हिला कमी गुण द्यायचे तर मामाजींना स्वतःलाच कमी गुण द्यावे लागणार होते.

मग आमची तालीम सुरू झाली. त्यांचं जुनं काळं जॅकेट मी आतून टाचलं, पांढरा कुर्ता आखूड केला. मिशीसाठी कापूस हवा होता, तो त्यांच्याच उशीतून काढला. उशी जराशी बसकी झाली, तर त्यांनी दुकानदाराला नावं ठेवली.

तान्ह्या पोळ्याला मुलीचं नाव सगळ्यात शेवटी पुकारलं. बैल मागे ओढत, हात पाठीशी बांधून ती स्टेजवर आली. मध्येच थांबली, कुर्त्याच्या टोकाने चष्मा पुसला, मोबाइल हातभर लांब धरला आणि ओरडली. लोकांनी तिथेच ओळखलं. मामाजींच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या परीक्षक, आमच्या अंगणवाडीच्या ताई, हसून हसून डोळे पुसू लागल्या. मामाजींनी मान कागदात घातली.

तालीम इथे संपत होती. पण मुलगी काही थांबली नाही. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, लोकांकडे पाठ केली, जॅकेटच्या आतल्या खिशातून संत्रा बर्फीचा तुकडा काढून तोंडात टाकला आणि लाकडी बैलाला बजावलं, "सूनबाईले सांगू नको."

सगळं मैदान वळून माझ्याकडे बघायला लागलं. मामाजींची शुगर सांभाळायची म्हणून घरातल्या गोडाचं कडीकुलूप माझ्याकडे. हे दोघं आजोबा-नात माझ्या पाठीमागे बर्फीचे वाटेकरी आहेत, हे मला त्या मैदानात कळलं.

मामाजी उठले, माईक घेतला आणि हेडमास्तरी आवाजात म्हणाले, "सोंग चांगलं आहे. पण हुबेहूब नाही. मी बर्फी खात नाही."

मुलगी बैलासकट खाली उतरली, आजोबांच्या टेबलाशी गेली, त्यांच्या जॅकेटच्या खिशात हात घातला आणि पुडी वर करून सगळ्यांना दाखवली.

मामाजी खाली बसले. त्यांनी चष्मा काढला आणि कुर्त्याच्या टोकाने पुसायला घेतला. मग जो हशा उठला, त्यात शेवटी तेही सामील झाले.

"पहिला नंबर द्या हिले," ते ताईंना म्हणाले. "अन् पुढच्या वर्षी मले खुर्ची नको. मी चोरीत सापडलो." मग त्यांनी वाकून तिची लोंबणारी मिशी दोन बोटांनी नीट चिकटवली. मला रडूच आलं.

बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता. घरी आल्यावर मुलीने उरलेली बर्फी त्यात ठेवून तो आजोबांच्या हातात दिला. "आबाजी, आता ह्याच्यात ठेवत जा. खिशात मुंग्या येऊन राहिल्या." दुसऱ्या दिवशी डबा माझ्या फळीवर गेला. आता रविवारी एक लहानसा तुकडा निघतो, तोही मी उभी राहून देते.

यंदा खुर्चीत दुसरं कुणी बसणार आहे. मामाजी आता नातीचे मास्तर झाले आहेत. परवा तिने माझी रोज नेसायची साडी मागितली, मग पर्स मागितली. कशाला हवी, ते दोघांपैकी कुणी सांगेना. काल मागच्या खोलीचं दार लावून घेतलेलं होतं. मी दारापाशी गेले तर आतून बारीक आवाज आला, "मामाजी, शुगर तपासली का?"

"अशी नाही," मामाजी समजावून सांगत होते. "पह्यले कमरेवर हात ठेव, मंग आवाज चढव."

मी कमरेवरचा हात हळूच खाली घेतला.