दाराआडचा श्वास

पत्र दुपारी आलं. वरचा कोपरा फाडलेला, म्हणजे उघडण्याआधीच अर्धी बातमी कळली. कोण गेलं, एवढंच वाचायचं राहिलं होतं. 'आनंदीकाकी गेली,' असं मसुऱ्याहून दिरांनी लिहिलं होतं. अशी पत्रं घरात ठेवत नाहीत, म्हणून मी ते फाडून टाकलं आणि देवगडच्या आमच्या बिऱ्हाडात भिंतीला पाठ लावून खूप रडले. रडताना श्वास अडकला नाही, हे काकींचंच देणं.

काकी म्हणजे माझ्या चुलतसासूबाई. विशीच्या आत नवरा गेला, मूलबाळ नाही. मोठ्या जावेच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या घरात त्या राहायच्या. अशा बाईला घरात किती मान असतो, ते सांगायला नको. पण काकींना होता, कारण त्यांच्या अंगात देवीचा अवसर येतो, असा साऱ्या वाडीचा समज होता. सकाळी, आणि कधी मध्येच काम टाकून, त्या माजघराचं दार लोटून बसायच्या. आतून भात्यासारखा श्वास ऐकू यायचा, मग एकदम शांतता. कुणीतरी कधीतरी घाबरून दाराशी नारळ ठेवला, आणि ती पद्धतच पडली. मंगळवारी बायका ओटी घेऊन यायच्या. काकी नारळ नाकारत नसत आणि विचारलेल्याला उत्तरही देत नसत. न बोलणारी देवी फार कडक, असं लोक म्हणत.

मी त्या घरात सून म्हणून आले ती दमा घेऊन. स्वातंत्र्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. भात वारवताना तूस उडायचं, पावसाळ्यात ओली लाकडं धुमसायची आणि माझी छाती शिट्ट्या वाजवायची. माहेरच्यांनी हे लपवलं, असा सासूबाईंचा राग होता, आणि तो काही खोटा नव्हता. दुसऱ्या वर्षी पेज उतरवताना मी चुलीपुढेच कोसळले. सासूबाई म्हणाल्या, "हिका म्हायेराक पोचवा. बरी झाली तर बघू." त्या 'बघू'चा अर्थ मला पुरता कळत होता. यजमान खाली मान घालून उभे राहिले. आईपुढे बोलायची त्यांची हिंमत नव्हती.

तेवढ्यात काकी माजघरातून बाहेर आल्या.

"वयनी, तिका खंयच धाडू नकात," त्या म्हणाल्या. "माझ्या आंगात देवी येणा नाय. माका दमो आसा. पंचवीस वर्सा झाली."

तो मंगळवार होता. अंगणात सात-आठ बायका ओट्या घेऊन बसल्या होत्या. काकी रेडीला माहेरी असताना मुंबईहून आलेल्या भावाने शिकवलेली आसनं आणि प्राणायाम, एवढंच त्या दाराआड होतं. आजारी विधवेला कोण पोसणार, या भीतीने काकींनी दमा लपवला. लोकांनी त्याची देवी केली आणि काकींनी ती होऊ दिली. तोच त्यांचा आसरा होता, आणि माझ्यासाठी त्यांनी तो भर अंगणात सोडला. मंगळवारच्या बायका यायच्या बंद झाल्या. देवीच्या नावाने फसवलं म्हणून सासूबाईंनी त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला. पण दम्यानिशी काकी इतकी वर्षं घरात राबल्या, हे बघून मला मात्र गणेशचतुर्थीपर्यंत ठेवून घेतलं.

शिकवताना काकी भलत्याच कडक. नऊवारीचा कासोटा घट्ट मारायचा, सारवलेल्या जमिनीवर चटई टाकायची. सापाचं नाव घरात घ्यायचं नाही, म्हणून भुजंगासनाला त्या 'लांबडो' म्हणत. मी श्वास आत ओढायची धडपड करायचे, तर म्हणायच्या, "घेवची घाई करू नको गो. आधी सोड. खाली झाला काय आपसूक भरता." दम लागला की माणूस घाबरतं आणि भीतीनेच अर्धं गुदमरतं, हे मला तिथे कळलं. दमा गेला का? नाही. डॉक्टरांचं औषध अजून कपाटात आहे, आणि ते सोड असं काकीही कधी म्हणाल्या नाहीत. पण धाप ओळखीची झाली. झोप लागू लागली, भातलावणीत धरलेली कंबर मोकळी व्हायला लागली. माझ्या जिभेचा तिखटपणाही जरा उतरला असं यजमान म्हणतात, ते खरं मानायचं की नाही कोण जाणे. त्या चतुर्थीला चुलीपुढे बसून सगळे मोदक मी उकडले. सासूबाईंनी ते पाहिलं आणि माहेरचा विषय पुन्हा निघाला नाही. काकींपाशी मी हे ऋण कधी बोलून दाखवलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही... पण आता ते सलतं.

तेराव्याला मसुऱ्याला गेले. पानं मांडण्याआधी माजघरात डोकावले, तर काकींची चटई अंथरलेली आणि तिच्यावर सासूबाई. पंचाहत्तरीची पाठ जमेल तेवढी ताठ, डोळे मिटलेले. श्वासाचं काहीतरी चाललं होतं, तेही चुकीचं.

"आई, बरं नाही का?" मी घाबरून विचारलं.

"माका काय्येक झाला नाय," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "येक वरीस मी तिच्याशी बोलाक नाय गो. आता रोज सकाळी तिच्याकडे येवन बसतंय."