नेरेआच्या नावाचा विमा

मार्चमध्ये डर्व्हला हेनेगनला दुकानात फिट आली आणि डॉक्टरांनी वर्षभर गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. आयर्लंडमधल्या मेयोच्या त्या टोकाला गाडीवाचून माणूस पांगळाच. सहा वर्षांच्या सोर्शाची शाळा चौदा किलोमीटरवर, शाळेच्या बसमध्ये जागा नाही. नवरा ओवन महिन्यातले तीन आठवडे समुद्रातल्या तेलविहिरीवर.

म्हणून सप्टेंबरात बिल्बाओहून नेरेआ आली. घरात राहून मुलीला सांभाळायचं, शाळेत न्यायचं-आणायचं. वय वीस. बापाची व्हॅन अठराव्या वर्षापासून चालवलेली. पहिल्याच दिवशी सोर्शा तिच्या गळ्यात पडली.

अडलं ते विम्यापाशी. तिकडे गाडीच्या विम्यात चालवणाऱ्याचं नाव असावंच लागतं. डर्व्हलाने पाच कंपन्यांना फोन लावले.

"चालवणाऱ्याचं वय?"

"वीस."

"लायसन्स?"

"स्पेनचं."

"नाही जमणार, बाई."

पाचवा तर हसलाच. "पंचविशीच्या आत आम्ही राजकन्येलाही घेत नाही हो!"

शेवटी दोघी शेजाऱ्याच्या गाडीतून गावातल्या विमा एजंटाकडे, फिंटन क्युसॅककडे गेल्या. तो डर्व्हलाच्या वर्गातला.

"तुझ्या पॉलिसीवर हिचं नाव घालता येईल," तो म्हणाला, "पण मुख्य चालवणारी तू हवीस."

"मग मीच चालवते असं लिही ना."

फिंटनने पेन खाली ठेवलं. "डर्व्हला, उद्या हिने कुणाला उडवलं तर ते तुझी फिट शोधून काढतील. दमडी देणार नाहीत. वर ही पोर तुरुंगात जाईल."

"आणि ओवनच्या नावाने?"

"तो महिन्यातून एक आठवडा घरी. गाडी रोज ही चालवणार. तेही खोटंच झालं."

नेरेआला सगळं कळलं नाही, पण दोघांचे चेहरे कळले.

शेजाऱ्याने तीन आठवडे मुलीला पोचवलं. मग त्याच्या कामाची वेळ बदलली. नेरेआने सोर्शाला सायकलच्या मागे बसवून नेऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी लाकडं वाहणारा ट्रक इतका खेटून गेला की दोघी रस्त्याकडेच्या चरात. खरचटण्यावर निभावलं, पण डर्व्हलाने सायकल कुलपात घातली.

ऑक्टोबरात एके सकाळी नेरेआ भांडी पुसता पुसता म्हणाली, "मी तुम्हाला कशाला हवीय? पोर शाळेविना घरात, आणि मी तिच्याबरोबर."

"जा बाळा," डर्व्हला म्हणाली. "तुझ्यावर राग नाही गं."

डब्लिनला एका घरी तिला काम मिळालं. तिथे दारासमोरून ट्राम जायची. सोर्शाला ओवनच्या बहिणीने कॅसलबारला नेलं. सोमवार ते शुक्रवार तिथे राहून तिथल्याच शाळेत, सुट्टीला आईकडे. मार्चपर्यंतचाच प्रश्न आहे, असं सगळे म्हणत होते.

जानेवारीत डर्व्हला न्हाणीघरात पडली. शुद्ध आली तेव्हा ओठ फाटलेला होता. डॉक्टरांनी वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

त्या संध्याकाळी सोर्शाचा फोन आला. आत्याकडे नवीन मैत्रीण मिळाली होती, तिच्याकडे मांजरीची पिल्लं होती.

"आई, मार्च जवळ आला ना गं?"

"आला की," डर्व्हला म्हणाली, आणि पिल्लांची नावं विचारू लागली.